आमच्या गावात संशोधन पूर्ण झाले

पहिली वेलांटी कुठं आणि दुसरी कुठं, हे मला चौथीपर्यंत समजलं नाही, आणि चौथीनंतर शाळाच सुटली. तेव्हा चुकलेलं दिसेल तिथं वाचणाऱ्यानं मनातल्या मनात दुरुस्त करून पुढं जावं. अक्षराबद्दलही माफी असावी. माझं अक्षर मुळात बरं होतं, पण नोकरीभर डॉक्टरांच्या चिठ्ठ्या पाहून ते बिघडलं, असं मी लोकांना सांगते. खरं म्हणजे ते पहिल्यापासून असंच आहे.

माझी नात सुजाता नर्सिंगला आहे. ती म्हणते, "आजी, दवाखान्यातलं लिहून काढ, दिवाळी अंकाला पाठवू." लिहिते, पण पाठवणार नाही. चार माणसांसमोर तोंड उघडायचं म्हटलं की माझ्या घशात बोळा बसतो. अंक किती माणसं वाचतात कोण जाणे.

मी दवाखान्यात आया होते. गाव अंबड तालुक्यातलं, वडीगोद्रीच्या अलीकडे, सडकेपासून जरा आत. तेव्हा जालना जिल्हा झालेला नव्हता. आमचे साहेब लोक औरंगाबादेहून जीपमधून येत आणि बरोबर जेवणाच्या वेळेला पोचत.

आयाचं काम काय असतं, असं सुजाताच्या मैत्रिणी विचारतात. डॉक्टर आणि कंपाउंडर यांनी करून जे उरतं, ते सगळं. काचेच्या सिरिंजा आणि सुया स्टोव्हवर उकळायच्या. सुई बोथट झाली की दगडावर घासून टोक काढायचं, कारण नवी सुई मागितली की वरून उत्तर यायचं, जुनीचं काय केलं? बाळंतिणीचा हात धरायचा, ओकलेलं पुसायचं, फरशीला फिनेल मारायचं, आणि साहेब आले की चहा न्यायचा.

औषधाची बाटली पेशंटनं घरून आणायची. ती राकेलची असे, दारूची असे. मी ती धुवायची, कंपाउंडर तीत लाल मिक्श्चर भरायचा, आणि एका वेळी किती प्यायचं ते कळावं म्हणून कागदाची पट्टी कात्रीनं दातेरी कापून मी ती बाटलीला चिकटवायची. एक म्हातारा आठ दिवसांनी आला तर बाटली तशीच भरलेली आणि पट्टी गायब. म्हणाला, "कागद कडू व्हता, पर गुन आला बाई." त्यानं रोज एक दाता कापून गिळला होता. डॉक्टरांनी त्याला दुसरी पट्टी द्यायला सांगितली. बरा झालेल्या माणसाचं औषध कशाला बदलायचं?

पण आमच्याकडचं मोठं दुखणं म्हणजे इच्चू. पुस्तकात त्याला विंचू म्हणतात. कडब्याच्या पेंढीत इच्चू, भिंतीच्या भेगेत इच्चू, दगडाखाली तर हमखास. बहात्तरच्या दुष्काळात सगळं गाव खडी फोडायला गेलं, तेव्हा दगड उचलला की खाली धनी बसलेलाच. मोठा काळा असतो तो नुसता रडवतो. लाल असतो लहानसा, तो माणूस नेतो. डॉक्टर चावल्या जागी बधिर करायची सुई देत. तिनं आग थांबायची. पण लालचं विष अंगात चढलं, घाम सुटला, हातपाय गार पडले, तोंडाला फेस आला, की डॉक्टर खुर्ची ओढून पेशंटजवळ नुसते बसत. ते असे बसले की मला कळायचं.

गावात इच्चू उतरवणारे धोंडूमामा होते. कडुलिंबाचा डहाळा आणि मंत्र. काळा चावलेला माणूस मामांकडं गेला तरी बरा व्हायचा, न गेला तरी व्हायचा, त्यामुळं मामांचं नाव मोठं होतं. लाल चावलेला गेला तर मामा म्हणायचे, "उशीर केला तुमी." एकदा भर दुपारी मामा दवाखान्याच्या मागच्या दारानं आले. हात काखेत दाबलेला, डोळ्यांत पाणी.

"कांताबाई, डाक्टर हायेत का? जल्दी सुई द्याला लावा."

"मामा, मंत्र?"

"सोताचा सोताला लागू व्हत न्हाई." आणि जाताना म्हणाले, "गावात बोलू नका, बाई." मी कशाला बोलते? मी कुणाशीच बोलत नव्हते. माझ्यासारखी आया मिळाली म्हणून गावातल्या पुष्कळ लोकांची अब्रू शाबूत होती.

आता आक्काचं सांगते. गंगाआक्का म्हणजे गावातल्या जुन्या जमीनदार घरची विधवा. मोसंबीची बाग होती. एकच मुलगी, ती बाळंतपणात गेली, मागं तिची पोर राहिली, छबू. आक्काचा सगळा जीव त्या नातीत. आक्का दवाखान्यात यायच्या त्या घरून पाण्याचा तांब्या घेऊन, कारण दवाखान्यातला माठ मी भरायची आणि आम्ही बौद्धवाड्यातले. त्यांनी तसं तोंडानं कधी म्हटलं नाही. तांब्या मात्र न चुकता आणला.

छबूला सकाळी कडब्याच्या गंजीजवळ लाल चावला. आधी मामांकडं नेली, मग आमच्याकडं. डॉक्टरांनी सुई दिली आणि थोड्या वेळानं खुर्ची ओढली.

आक्का म्हणाल्या, "बसले काय, डाक्टर? औषध द्या की."

"आक्का, दुखण्यावर दिलं. विषावर औषध नाही."

"तुमच्यापाशी न्हाई का औरंगाबादेला बी न्हाई?"

"कुठंच नाही. अजून कुणी शोधलेलं नाही."

"का न्हाई शोधलं? इच्चू काय आत्ता निघाला व्हय?"

डॉक्टर तरुण होते, खरं बोलायची सवय अजून गेली नव्हती. म्हणाले, "आक्का, शोधायला माणसं लागतात, पैसा लागतो. इच्चू चावतो तो कडबा उचलणाऱ्याला. त्याच्यासाठी पैसा कोण काढतो?"

छबू दुपार व्हायच्या आत गेली. आक्का बाकावर बसून राहिल्या. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि मग घाबरले, की आता ह्या अंग झटकतात. त्यांनी झटकलं नाही. बऱ्याच वेळानं म्हणाल्या, "कांते, पानी दे." माठातलं दिलं. त्या प्याल्या. मी ही गोष्ट घरीसुद्धा सांगितली नाही. सांगितली असती तर आक्कांना परत तांब्या आणावा लागला असता.

वर्षभरानं आक्कांनी बाग विकली आणि पैसे अंबडच्या बँकेत टाकले. मग डॉक्टरांना म्हणाल्या, मृत्युपत्र करायचंय. जमीन आणि घर दिराच्या मुलाला, किसनरावाला. रोख पाच हजार इच्चूचं औषध शोधायला, मोठ्या दवाखान्यात, जिथं शोधतात तिथं.

गावात ही बातमी पसरली आणि दवाखान्यात माणसं वाढली. दुखणं कुणालाच नव्हतं. भजनी मंडळाला टाळ हवे होते, तालमीला माती हवी होती, मारुतीला कळस हवा होता. धोंडूमामा म्हणाले, "इच्चूचा शोध म्हंजे माझंच काम की, आक्का! मी तर आयुष्यभर त्येच करून राह्यलो." आक्का म्हणाल्या, "मंग सापडलं का?" मामा डहाळा घेऊन घरी गेले.

मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात. अंबडहून निरोप आला की ज्याला त्यातून काही मिळायचंय किंवा हवंय, असा माणूस साक्षीला घेऊ नका, पुढं भांडण होतं. असा माणूस गावात सापडेना. एक डॉक्टर होते. दुसरा कोण? तेव्हा आक्का म्हणाल्या, "कांतीला घ्या. तिला कायबी भेटनार न्हाई ह्ये तिला आधीपासून ठाव हाय."

आम्ही तिघं एसटीनं अंबडला गेलो. कचेरीच्या आवारात एक अर्जनवीस पेटी मांडून बसले होते. काळी टोपी, कानाला पेन. आक्कांनी सांगितलं, "लिवा. पाच हजार रुपये इच्चूचं औषध शोधायला."

अर्जनवीसांनी पेन कानावरून काढलंच नाही. "आजी, इच्चू हा शब्द सरकारी कागदात बसत नाही."

"का? अंगठ्याएवढा तर असतो."

"त्याला वृश्चिकदंश म्हणतात. पण तेही बारीकसारीक झालं. मी असा शब्द घालतो की सगळं त्यात येईल." आणि त्यांनी लिहिलं, 'वैद्यकीय संशोधनाकरिता'. वाचून दाखवलं. स्वतःच मान डोलावली.

आक्का म्हणाल्या, "ह्यात इच्चू कुठंय?"

"त्यात सगळं आलं, आजी."

"सगळं आलं म्हंजे इच्चू न्हाई आला."

डॉक्टरांनी समजूत घातली की शब्द बरोबर आहे, काळजी करू नका. आक्कांनी अंगठा दिला. डॉक्टरांनी सही केली, मी माझी वाकडी सही केली. नोंदणीही झाली. एसटीत बसल्यावर आक्कांनी माझा दंड धरला. "कांते, मी काय म्हनले, ऐकलंस न्हवं?"

"हो."

"काय म्हनले?"

"इच्चू."

"ध्यानात ठिव. ह्यो टोपीवाला लई शिकेल हाय. मला त्याचं भ्याव वाटतं."

आक्का पुढल्या हिवाळ्यात गेल्या. त्याच्या आधीच डॉक्टरांची बदली झाली होती, लांब, दुसऱ्या जिल्ह्यात. नवे डॉक्टर आठवड्यातून दोनदा यायचे आणि दोन्ही वेळा परतीच्या गाडीची चौकशी करायचे. मृत्युपत्राप्रमाणे पैसे काढून पोचवायचं काम किसनरावाकडं होतं. त्यानं पैसे काढले. इथवर सगळं कायद्यानं झालं.

मग दवाखान्याच्या ओट्यावर बैठक भरली. किसनराव, पंचायतीचे तिघं-चौघं आणि शाळेचे गुरुजी. मी आत सुया उकळत होते.

किसनरावानं विचारलं, "गुरुजी, ह्ये संशोधन म्हंजे काय करावं लागतं बराबर?"

गुरुजींना संस्कृत येत होतं. आमच्या गावात ही मोठी अडचण होती. त्यांनी डोळे मिटले आणि शब्द फोडला. "शोधन म्हणजे शुद्ध करणे. सोनं शुद्ध करतात, त्याला शोधन म्हणतात. सं म्हणजे चांगल्या रीतीनं. वैद्यकीय म्हणजे वैद्याच्या जागेचं. तेव्हा वैद्यकीय संशोधन म्हणजे दवाखान्याची चांगल्या रीतीनं केलेली शुद्धी."

कुणी तरी म्हणालं, "पर गुरुजी, शोध लावायचं म्हनत व्हती म्हातारी."

"ते बोलीत. कागदावर काय आहे ते पाहायचं असतं."

किसनरावाचा चेहरा उजळला. औरंगाबादेला पैसे पाठवायचे म्हणजे गावाबाहेर जायचे. शुद्धी गावातच होते. "मंग चुना मारू, कमान बांधू, होम करू, गावजेवन घालू. आक्काच्या आत्म्याला बी शांती."

गुरुजी म्हणाले, "शास्त्राला धरून होईल."

मी स्टोव्हसमोर उभी होते. पाणी उकळून आटत आलं तरी मला कळलं नाही. तोंडाशी शब्द आला होता, एकच शब्द, आणि बाहेर येईना. ओट्यावर सहा पुरुष बसलेले, आणि माझा नवरा सुदाम किसनरावाकडं सालानं कामाला. मी चिमट्यानं सुया काढल्या, गार व्हायला ठेवल्या.

शुद्धीच्या आदल्या दिवशी किसनराव मला म्हणाला, "कांताबाई, उद्या तू सुट्टी घे."

"रजेचा अर्ज..."

"अर्जाचं काय न्हाई. शुद्धी हाय ना, म्हनून."

तर असं झालं. ज्या फरशीला मी रोज दोनदा फिनेल मारत होते, ती शुद्ध करायची होती, म्हणून मला घरी बसवलं. बौद्धवाड्यातल्या कुणालाच जेवणाचं आवतण नव्हतं. आम्ही आमच्या ओट्यावर बसून लाडवांचा वास घेतला. सुदाम म्हणाला, "आक्काच्या बागेतल्या मोसंब्याचा लाडू झाला की गं." दुसऱ्या दिवशी कामावर गेले तर सुई द्यायच्या खोलीत गोमूत्र शिंपडलेलं, सिरिंजांच्या ट्रेमध्ये अक्षता, बाळंतपणाच्या टेबलावर कुंकू. गाव शुद्ध होऊन झोपलं होतं आणि मी सकाळभर सगळं परत उकळत होते.

पुढं कमान झाली. तिच्यावर संगमरवरी फरशी बसवली, ती मी रोज येता-जाता वाचायची. मला हळूहळू वाचावं लागतं, म्हणून ती पाठ झाली:

'कै. गंगाबाई यांच्या अंतिम इच्छेनुसार श्री. किसनराव यांच्या हस्ते रुपये पाच हजार खर्चून वैद्यकीय संशोधन पूर्ण करण्यात आले.'

पूर्ण! मोठमोठ्या शहरांत लोक आयुष्य घालवतात आणि त्यांचं संशोधन पुरं होत नाही. आमच्या गावात दोन पोती चुना आणि एक होम यांत ते पार पडलं. इच्चूंना मात्र कुणी कळवलं नव्हतं. त्याच उन्हाळ्यात वेशीजवळच्या एका बाईला कमानीच्या उरलेल्या विटांतून लाल चावला. नवे डॉक्टर नव्हते, गाडीची वेळ झाली होती. कंपाउंडरनं सुई दिली, आणि मग त्याला काही सुचेना म्हणून त्यानं खुर्ची ओढली. तिला उचलून नेलं ते त्याच कमानीखालून. त्या दिवशी मला फरशी वाचवेना.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी जिल्ह्याच्या आरोग्य खात्याचे साहेब तपासणीला आले. जीप दिसताच गावातले निम्मे पुरुष शेतात पळाले, कारण तो नसबंदीचा काळ होता आणि जीप म्हणजे ऑपरेशन असं समीकरण झालं होतं. साहेब पन्नाशीचे, जाड भिंगाचे, कंटाळलेले. जीपमधून उतरले आणि कमानीखाली थांबले. फरशी एकदा वाचली. चष्मा पुसून परत वाचली.

"अरे वा," ते म्हणाले. "पूर्ण झालं? कशाचं संशोधन?"

किसनराव हार घेऊन पुढं झाला. "सर्वसाधारन, साहेब."

"सर्वसाधारण संशोधन. कुणी केलं?"

"गुरुजींनी मार्गदर्शन केलं."

गुरुजींनी शब्द फोडून दाखवला. शोधन, मग सं, मग शास्त्र. साहेबांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग ते हसले. खुर्चीत बसून हसले, चष्मा काढून डोळे पुसले. ते हसतात म्हणून किसनरावही हसला, आणि तो हसतो म्हणून पंचायत हसली. मी दारात चहाचा ट्रे घेऊन उभी. मग साहेब हसायचे थांबले आणि बाकीच्यांना थांबायला जरा वेळ लागला.

"म्हणजे मरणाऱ्या बाईनं पाच हजार ठेवले ते तुम्ही दवाखान्याला चुना लावावा म्हणून?"

"कागदावर तसंच हाय, साहेब."

"कागद राहू द्या. बाई काय म्हणाली होती? साक्षीदार कोण होते?"

"डाक्टर व्हते. बदलून गेले."

"आणि दुसरा?"

किसनराव छताकडं पाहू लागला. गुरुजींना खोकला आला. पंचायतीतला एकही माणूस माझ्याकडं पाहत नव्हता. इतकी माणसं मिळून एका बाजूला पाहायचं टाळतात तेव्हा ती बाजू आपोआप दिसते. साहेबांनी मान वळवली.

"बाई, तुम्ही?"

मी ट्रे त्यांच्यापुढं टेबलावर ठेवला. मी होय म्हणून मान हलवली.

"काय म्हणाली होती ती?"

घशात बोळा होताच. मी आक्कांनी धरलेला दंड आठवला. त्या वेशीजवळच्या बाईचे गार पाय आठवले. आणि म्हणाले,

"इच्चू."

एवढंच. पुढचं काही सुचलं नाही. पण साहेबांना पुढचं ऐकायची गरजच पडली नाही. ते पंधरा वर्षं ह्याच भागात नोकरी करत होते. त्यांनी कप उचलला, खाली ठेवला, आणि म्हणाले, "विंचवाचं औषध शोधायला."

"हो."

गुरुजी म्हणाले, "साहेब, चौथी शिकलेल्या बाईच्या..."

"गुरुजी, तिनं शब्द फोडला नाही. जसा ऐकला तसा आणला." मग किसनरावाला, "पाच हजार खर्चून म्हणता. पावत्या आणा."

किसनराव गडबडला. "साहेब, तो आकडा शोभेसाठी हाय. खर्चा काय तेवढा न्हाई झाला. दीड-दोन हजार व्हईल."

"मग बाकीचे कुठं आहेत?"

जे कुणी काढून घेऊ शकलं नसतं ते त्यानं स्वतःच तोंडानं दिलं. फरशी खरी म्हणावी तर सगळे पैसे भलत्या कामाला उडवले, खोटी म्हणावी तर उरलेले त्याच्या घरात. आणि फरशी पुसताही येईना, चांगल्या कारागिराकडून खोदून घेतली होती. साहेबांनी तिच्यावरचा मजकूर शब्द न् शब्द वहीत लिहून घेतला. अंबडहून मृत्युपत्राची नक्कल मागवतो म्हणाले, जुन्या डॉक्टरांनाही लिहितो म्हणाले. पैसे वैद्यकीय कॉलेजला भरले नाहीत तर कोर्टात भेटू. जेवायला थांबले नाहीत. आमच्या गावात हे प्रथमच झालं.

सुदामचं काम दुसऱ्या दिवशी गेलं. तो घरी येऊन भिंतीला टेकून बसला. म्हणाला, "जल्मात एक शब्द बोललीस, त्यो बी असा?" मला रडू आलं. मग तोच म्हणाला, "पर लागला बराबर ठिकानी." तीन-चार महिने त्यानं मंठ्याकडं जाऊन मिळेल ती मजुरी केली. माझ्या पगारावर ज्वारी आणायची आणि मिरची वाटून खायची. हिरीवर बाया म्हणायच्या, "आली बघा साक्षीदारीन." मी घागर भरून यायची. न बोलणाऱ्या माणसाला टोमणे मारून मारून लोक दमतात, हा माझा अनुभव आहे.

किसनरावानं घरातले तीन हजार लगेच भरले. कापूस आल्यावर आणखी भरले. शेवटी अडलं ते गावजेवणापाशी. तो म्हणाला, "लाडू काय मी एकट्यानं खाल्ले? गावानं खाल्ले, गावानं भरावं." ह्यात तथ्य होतं. पंचायतीनं दवंडी दिली की शुद्धीच्या पंगतीला जो जो बसला त्यानं वर्गणी द्यावी. मग काय विचारता! त्या दिवशी लाडू चौथ्यांदा मागणारी माणसं आता म्हणू लागली, मला उपास होता. एकजण म्हणाला, मी नुसता वरणभात खाल्ला, त्याचं संशोधन होत नाही. गुरुजींनी दक्षिणा घेतली होती, ती परत देताना त्यांनी शब्द फोडला नाही.

वर्गणीवाले आमच्या वाड्यातही आले. पुढं किसनरावाचा चुलतभाऊ. "सगळ्या गावाला हाय, तुमाला बी हाय. चला, घरटी वर्गनी काढा."

सुदाम उठायला लागला. मीच दारात गेले. का कोण जाणे, त्या दिवशी बोळा नव्हता.

"आमी पंगतीला नव्हतो, भाऊ."

"न्हवता? का न्हवता?"

"त्या दिशी शुद्धी व्हती."

तो मागं वळून बाकीच्यांना म्हणाला, "चला पुढं." मागं शेजारच्या घरातून कुणी तरी हसलं आणि मग सगळा वाडा हसला. अशुद्ध असण्याचा आम्हाला जन्मात झालेला फायदा तेवढाच.

पुढं काही वर्षांनी इच्चूच्या विषावर उपाय निघाला. मी नोकरीत असतानाच तशा गोळ्या आमच्या कपाटात आल्या, आणि डॉक्टरांना खुर्ची ओढायची वेळ कमी येऊ लागली. आक्कांच्या पैशाचा त्यात काही हात होता का, ते मला माहीत नाही. असेल असं मी म्हणत नाही. पाच हजारांत काय होतं, हे गुरुजी सोडून कुणी सांगू शकणार नाही. पण त्या गोळ्या पहिल्यांदा हातात घेतल्या तेव्हा छबूची आठवण आली, एवढं खरं.

पैशाचं सांगायचं राहिलं. वर्गणी गोळा झाली तरी शेवटी अकरा रुपये कमी पडले. किसनराव म्हणे माझ्याकडं आता काही नाही, पंचायत म्हणे आमच्याकडं नाही. अकरा रुपयांसाठी कागद अडून राहिला. एका दुपारी मी सुया घासत बसले होते. मागच्या दाराची कडी वाजली. धोंडूमामा. हात परत काखेत.

"मामा, परत?"

"न्हाई, न्हाई." त्यांनी काखेतून हात काढला. मुठीत चुरगळलेल्या नोटा होत्या. "अकरा हायेत. भरून टाका. माझं नाव लिवू नका, गावात धंदा हाय माझा."

मी नुसती पाहत राहिले.

"पाहाता काय, कांताबाई? त्यास्नी म्हनावं, जल्दी शोधा. मला आता म्हातारपनी सहन होत न्हाई."

मी नोटा सरळ केल्या आणि कंपाउंडरकडं दिल्या. महिन्याभरानं कॉलेजची पावती आली. ती मी माझ्या पद्धतीनं, हळूहळू वाचली. 'विंचूदंशावरील संशोधनासाठी' असं कुणी तरी हातानं लिहिलं होतं. इच्चू नव्हे, पण अर्जनवीसापेक्षा पुष्कळ जवळ. आणि खाली, रुपये पाच हजार, पूर्ण.